मामाच्या मुळावर
आमच्या मामाइतका रागीट माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि जिवाला त्याच्याइतका जपणाराही. मलकापुरात त्याचा दातांचा दवाखाना होता. तोंडात सुपारी ठेवून दाढ दाखवायला येणाऱ्याला तो पायरीवरूनच हाकलायचा. 'दुधाचेच दात, पडतील' म्हणणाऱ्या बापांवर तर असा ओरडायचा, की पोरं दुखणं विसरून बापाकडे पाहायची.

पण त्याच्या रागाचं मूळ माझ्या तोंडात होतं. मला वरचे दात आधी आले. असं पोर मामाच्या मुळावर येतं म्हणतात. अमडापूरच्या माझ्या आजीने, वडिलांच्या आईने, हे इतकं मनावर घेतलं, की सुटीत भावंडं मामाकडे जायची आणि मी ओट्यावर बसून त्यांची बैलगाडी पाहायची. खालचे पुढचे दात तर आलेच नाहीत. बाया माझं तोंड पाहून हळहळायच्या, तेही मामासाठी! अजून आठवलं की डोकं फिरतं.

मी आठ वर्षांची असताना मामा आला आणि कोणाला न विचारता मला नागपूरला घेऊन गेला. तिथे दातांचा एक्स-रे निघत असे. फोटो काढणाऱ्या साहेबाशीही तो भांडला. परत येऊन त्याने ती काळी फिल्म आजीसमोर उन्हात धरली.

"हे पाहा, माय. खालच्या दाताचं बीजच नाही जबड्यात. मंग उगवन काय? म्हणून वरचे आधी आले. पोरीचा काय कसूर?"

आजीने डोळे बारीक करून पाहिलं. "दिसते, भाऊ. पण तुम्ही आपले जपून राहा."

मामा त्या दिवसापासून खरोखरच जपून राहिला, निव्वळ संतापाने. विडी सोडली. शिंक आली की काढा. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी दोन्हीकडे पाहून, शिव्या देत ओलांडायचा. मामी हसली की म्हणायचा, "मी मेलो तं पोरीच्या डोक्यावर खापर फोडतीन. मले मराले फुरसत नाही." दर सुटीत मला न्यायला मात्र स्वतः यायचा.

तो गेला तेव्हा मला नातवंडं होती. आजी, हळहळणाऱ्या बाया, सगळ्यांना पोचवूनच तो गेला. माझ्याकडे बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं. तरी रडताना मी सवयीने तोंडावर पदर धरला. मामीने तो खाली ओढला.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "त्यायले राग येईन."