पॅडीचा डावा हात

पद्माकर देवस्थळीला आयर्लंडमध्ये सगळे पॅडी म्हणत. सोळा वर्षांपूर्वी तो नवा आला, तेव्हा ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सबाईंनी ‘पद्माकर’ म्हणायचा दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा सरळ पॅडी करून टाकलं. मिरजेत शिकलेला हा भूलतज्ज्ञ इथे रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, म्हणून लागला आणि रजिस्ट्रारच राहिला. दर जुलैला नाहीतर जानेवारीला नवं कॉन्ट्रॅक्ट, नवं हॉस्पिटल, गळ्यात नवं ओळखपत्र. घर मात्र त्याने वॉटरफोर्डला केलं आणि तिथून तासतासभर गाडी हाकत तो कामाला जाई. कन्सल्टंटची जागा आपल्याला मिळणार नाही, हे त्याने पाचव्या वर्षी ओळखलं आणि तो विषयच बंद केला.

पण एप्रिल ते सप्टेंबर, दर रविवारी, गावात त्याच्याएवढा मोठा माणूस नव्हता. सुईर व्हॅली क्रिकेट क्लब त्याने आणि अभिजितने मिळून काढला होता. एका शाळेचं मैदान, गुंडाळून ठेवायची मॅट आणि जमवलेले अकरा जण; त्यातले दोन चष्मा काढून बॅटिंग करणारे. अभिजित विकेटकीपर. तो वृद्धांच्या वॉर्डचा डॉक्टर, पद्माकरपेक्षा चार वर्षांनी लहान. आणि पद्माकर डावखुरा फिरकी गोलंदाज. लहानपणी वडिलांनी मारून मारून त्याला उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला लावलं, पण चेंडू हातात आला की तो डाव्याच हातात जाई. कॉर्कच्या एका टीमचे सात जण त्याने एकोणीस धावांत काढले, त्या दिवसापासून क्लबमधली नवी पोरं त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत.

यंदा मे महिन्यात, सीझनच्या तिसऱ्या मॅचला, पॅडीने एका षटकात सव्वीस धावा दिल्या. दोन चेंडू थेट फलंदाजाच्या कमरेवर, तीन वाइड. चेंडू बोटांतून सुटतच नव्हता, आणि सुटला की भलतीकडे जाई. कॅप्टन संग्राम, नागपूरचा, अठ्ठावीस वर्षांचा, औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर, जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, थोडा ब्रेक घ्या.” पद्माकर सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. पुढच्याच षटकात त्याच्या हातातून सोपा झेल सुटला. एरवी ही पोरं एकमेकांना शिव्या घालत. त्याला कोणी शिवी घातली नाही, हे त्याच्या मनाला लागलं.

डाव्या हाताला काय झालंय, ते त्याला ठाऊक होतं. गेल्या ऑक्टोबरात टीव्हीसमोर बसला असताना अंगठा आपला आपणच तर्जनीवर घासू लागला, गोळी वळावी तसा. त्याने हात मांडीखाली घेतला. त्याआधी कित्येक महिने त्याला वास येईनासा झाला होता. फोडणी करपली तरी कळत नसे. डावी बाही चढवायला वेळ लागू लागला, तेव्हा खांदा आखडलाय असं त्याने मेधाला, बायकोला, सांगितलं. मेधा प्रयोगशाळेत काम करणारी बाई, तिने रोज तेल चोळून दिलं. दुसरा कोणी पेशंट हीच तीन लक्षणं घेऊन आला असता, तर पद्माकरने दोन मिनिटांत रोगाचं नाव सांगितलं असतं. स्वतःपुरतं ते नाव त्याने आठ महिने मनातसुद्धा येऊ दिलं नाही.

आणि गोष्ट नुसत्या क्रिकेटची नव्हती. पेशंटला भूल दिल्यावर श्वासाची नळी घालायची, तर आधी घसा उघडून धरायला एक दांडी लागते. ती जगभर डाव्याच हातात धरतात, तिची घडणच तशी असते. पद्माकर अवघड घसे ज्युनिअरकडे सोपवू लागला, ‘तुला शिकायला बरं’ म्हणून. कॅमेरा लावलेली दांडी मागू लागला. मार्चमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या वेळी, मनगट जेव्हा उचलायला हवं होतं तेव्हा ते उचललं गेलं नाही, दांडी वरच्या दातावर टेकली आणि दात तुटला. असं कुणाच्याही हातून होतं. त्याने केसपेपरवर तसं नोंदवलं, बाईंची माफी मागितली. कसं झालं, तेवढं मात्र लिहिलं नाही.

त्या मॅचनंतरच्या गुरुवारी अभिजितचा फोन आला. ट्रॅमोरला येतोस का, समुद्रावर चालू या. बारा वर्षांत अभिजितने त्याला कधी चालायला बोलावलं नव्हतं.

वारा तोंडावर येत होता, त्यामुळे दोघेही माना खाली घालून चालत होते. अभिजितने आधी टीमचं सांगितलं. संग्राम, तो स्वतः आणि खजिनदार गिरीश, तिघे बसले होते. क्लब यंदा वरच्या डिव्हिजनमध्ये आलाय. केरळची दोन पोरं आलीत, एक लेगस्पिनर आहे. पुढच्या रविवारपासून पद्माकर संघात नसेल. जूनमध्ये एक निरोपाची मॅच ठेवायची, ढाल द्यायची, फोटो काढायचा, असं पोरांच्या मनात आहे.

पद्माकर बराच वेळ बोलत राहिला. मॅट कोणी आणली, पहिल्या वर्षी पावसात कोणी गुंडाळली, शाळेच्या मुख्याध्यापकांचे पाय कोणी धरले, सगळं. संग्राम तेव्हा शाळेत होता, असंही म्हणाला. अभिजितने एकदाही अडवलं नाही. शेवटी पद्माकर थकला, तेव्हा तो म्हणाला,

“टीमचं जाऊ दे. धावताना तुझा डावा हात हलत नाही, पद्मा.”

पद्माकर थांबला.

“केव्हापासून बघतोयस?”

“मागच्या सप्टेंबरपासून.”

“आणि बोलला नाहीस.”

“तू डॉक्टर आहेस. म्हटलं, तू बोलशील.” अभिजितने त्याच्याकडे न बघता विचारलं, “हॉस्पिटलमध्ये सांगितलंयस?”

त्यावर पद्माकरने दाताची गोष्ट सांगितली. ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की हा आज टीमच्या निमित्ताने आलाय खरा, पण त्याला बोलायचं होतं ते हॉस्पिटलचंच. अभिजितचा चेहरा उतरला. मागच्या सप्टेंबरात तो बोलला असता, तर मार्च आलाच नसता, हे दोघांनाही एकदमच कळलं.

“सोमवारी तू सांग,” अभिजित म्हणाला. “नाहीतर मंगळवारी मला सांगावं लागेल.”

“मैत्रीत?”

“मैत्री आहे म्हणून सोमवारपर्यंत.”

घरी येऊन त्याने मेधाला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने रोगाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. गॅस बंद केला आणि इतकंच म्हणाली, “म्हणजे मी आठ महिने तेल चोळत होते.” मग थोड्या वेळाने, “टीमला आधी कळलं.” त्याने समजवायचा प्रयत्न केला, की टीमला रोगाचं ठाऊक नाही, फक्त अभिजितला आहे. तोवर ती उठून ओटा पुसू लागली होती. सोळा वर्षांची स्वरांगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळे. ती खाली आली, बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या वॉटरफोर्डच्या इंग्रजीत म्हणाली, की शाळेत तिच्या मैत्रिणीच्या आजोबांचा हात असाच हलतो. पद्माकरला तो ‘आजोबा’ शब्द फार दिवस बोचत राहिला.

सोमवारी साडेसातला त्याने कन्सल्टंटच्या खोलीचं दार वाजवलं. बोलणं दहा मिनिटांत आटोपलं. त्या दिवसाच्या ऑपरेशनच्या यादीवरून त्याचं नाव काढलं गेलं ते कायमचं. डब्लिनच्या मेंदूतज्ज्ञाने पंधरा दिवसांनी पार्किन्सन्स हा शब्द उच्चारला, तेव्हा पद्माकर फक्त मान हलवत होता. जुलैपर्यंत त्याला शस्त्रक्रियेआधीच्या पेशंटांची तपासणी दिली. रक्तदाब, ॲलर्जी, फॉर्म. जुलैला कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढचं आलं नाही. त्यात कुणाचं चुकलं होतं असं नाही. भूल देऊ न शकणारा भूलतज्ज्ञ कुठे ठेवणार?

एक गोष्ट त्याने स्वतः मागून घेतली. त्या म्हाताऱ्या बाईंना बोलावून खरं सांगायचं. हॉस्पिटलची एक अधिकारी बाई सोबत बसली. पद्माकरने हात टेबलावर ठेवला, दिसेल असा, आणि सांगितलं, की तेव्हाच मला माझ्या हाताची शंका होती, तरी मी काम करत राहिलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नवा दात दाखवला, आणि ‘यू’र ग्रँड, पॅडी, काही बिघडलं नाही, एक दातच तो’ असं म्हणून उलट त्याच्याच हातावर थोपटलं. पद्माकर बाहेर येऊन गाडीत बसून राहिला. बाई चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर त्याला काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं. तसं झालं नाही. दात तुटला त्याऐवजी काय होऊ शकलं असतं, ते त्या बाईंना माहीत नव्हतं. त्याला होतं.

निरोपाच्या मॅचला तो गेला नाही. संग्रामने ढाल घरी आणून दिली, दारातच उभा राहिला, “दादा, आम्हाला माहीत नव्हतं हो,” एवढं कसंबसं बोलला. त्या पोराची काही चूक नव्हती. त्याने एक खराब गोलंदाज काढला होता, आणि ते बरोबरच होतं. पद्माकरने त्याला चहाला आत बोलावलं. लेगस्पिनर कसा टाकतो ते विचारलं. चांगला टाकत होता.

अभिजित दर शनिवारी फोन करतो. गोळ्या चालू झाल्या का, मळमळतं का, कुठली परीक्षा दिली तर शिकवायची नोकरी मिळेल, असं विचारतो. घरी येत नाही. पद्माकरही ये म्हणत नाही. दोघांनी एकमेकांवर कसला आरोप केलेला नाही, आणि त्यामुळेच मिटवायलाही काही नाही.

गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर म्हणून पद्माकरला ते अपेक्षितच होतं, पण इतकं अपेक्षित नव्हतं. सकाळी गोळी घेतली की तासाभराने हात शांत होतो. बटण लागतं, कप धरवतो, अंगठा गप्प पडून राहतो. ते दोन तास त्याला सगळ्यात जड जातात. मेधा कामावर, स्वरांगी शाळेत. तो जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि बघतो, तर समोर त्याचाच जुना हात असतो, धडधाकट, घसा उघडायला निघाल्यासारखा, आणि आपण घरी का बसलोय ते त्याला स्वतःलाच पटेनासं होतं. मग साडेअकराच्या सुमाराला तर्जनी जराशी हलते, आणि त्याला हायसं वाटतं.