आमच्या लॅबमधला कोळसा

आमच्या क्योतोच्या लॅबमध्ये प्रत्येक नळीवर नंबर, तारीख, सही असते. किश्शांवर मात्र काहीच नसतं, त्यामुळे ते कुठेही पडलेले सापडतात!

आमचं काम सांगते. काही डोंगराळ खेड्यांत घरातच, चिमणीशिवाय कोळसा जाळतात. त्यातला फ्लोराइड धुरातून वर वाळत टांगलेल्या मक्यावर, मिरच्यांवर बसतो आणि पोटात जातो. दात तपकिरी होतात, पुढे हाडं वाकतात. हा फ्लोरोसिस. त्याने अंगातलं झिंक कमी होतं का, हे पाहायला आम्ही अशा लोकांच्या केसांतलं झिंक मोजतो.

*

नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. पुण्याची एमएस्सी केमिस्ट्री, पण मधली आठ वर्षं घरी. इंटरव्ह्यूला गेले. सेन्सेई म्हणजे आमचे प्रोफेसर. त्यांनी विचारलं, "कोळशाचा काही अनुभव?"

तोंडातून निघून गेलं, "आमचा इस्त्रीवाला वापरायचा!"

त्यांनी लगेच मार्कर पुढे केला. वीस मिनिटं मी बोर्डावर कोळशाची इस्त्री काढत होते. केमिस्ट्रीचा एकही प्रश्न नाही. शेवटी म्हणाले, "सोमवारपासून या."

*

पहिल्याच उन्हाळ्यात मशीन वेडं झालं. सगळ्या नमुन्यांत झिंक भरपूर! इतकंच काय, तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्यातही! दोन दिवस आम्ही नळ्या धूत बसलो.

तिसऱ्या दिवशी सेन्सेईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. "मेधा-सान, सायकलवरून येताना काय लावता?"

सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडवालं!

मला वाटलं, गेली नोकरी. ते मान लववून म्हणाले, "तुमच्यामुळे पाण्याचीही तब्येत सुधारली."

*

सासूबाईंना फोनवर सांगितलं, "आई, मी लोकांच्या केसांतलं झिंक मोजते."

महिन्याने डिंकाच्या लाडवांचं पार्सल आलं. सोबत एक पुडी. पुडीत त्यांचे केस, आणि चिठ्ठी: "झिंक राहू दे. कोंड्याचं काय ते बघ."

*

एकदा जुने नमुने काढून टाकताना पोतंभर कोळसा निघाला. इथे कचऱ्याचे नियम कडक, म्हणून मी कचरा विभागाला फोन लावला.

"जळणारा कचरा की न जळणारा?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"उत्तम जळतो."

"मग जाळायचा?"

"अजिबात नाही! विषारी धूर होतो."

पलीकडे नियमांची पुस्तिका चाळल्याचा आवाज आला. मग अगदी अदबीने म्हणाल्या, "तो तुमच्याकडेच राहू द्या ना."

अजून आहे. दार उघडं राहावं म्हणून ते पोतं लावतो.

*

लिन आमची पीएचडीची विद्यार्थिनी, अशाच एका खेड्यातली. तिचे स्वतःचे दात तपकिरी. गावी घरी दोन वर्षांची भाची, तिचे कायमचे दात अजून हिरडीत घडतायत. म्हणून लिन दर रविवारी आईशी फोनवर भांडायची. "मिरच्या चुलीवर टांगू नकोस. अंगणात वाळव!"

आईचं एकच, "धुराशिवाय मिरचीला तिखटपणा येत नाही. तुझं शिक्षण तुझ्यापाशी."

गेल्या हिवाळ्यात आईकडून मिरच्यांचा डबा आला. लिनने एकही तोंडात घातली नाही. अर्ध्या कुटल्या आणि तपासायला घेतल्या. आम्ही सगळे मागे उभे. आकडा आला. तिने पुन्हा तपासलं. तोच!

जेवणाच्या खोलीत जाऊन तिने फोन स्पीकरवर टाकला.  दोघी त्यांच्या भाषेत बोलत होत्या, आणि लिन प्रत्येक वाक्य आम्हाला जपानीत सांगत होती.

"आई, फ्लोराइड जवळजवळ नाहीच! तू अंगणात वाळवल्यास?"

 आई म्हणाली, "ते असू दे. तिखट आहेत का, ते सांग."

लिनने डब्यातली अख्खी मिरची उचलली आणि चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"सांग ना!" आई ओरडली.

"आहेत गं आई," लिन म्हणाली, आणि दुसरी उचलली.