लाइव्ह रेकॉर्डिंगमधला माझा सोलो

हार्ड बॉप मला खारघरच्या मित्राने ऐकवला. ब्लूज आणि चर्चमधल्या गाण्यांच्या अंगाने जाणारा तापलेला अमेरिकन जॅझ. त्याच्याकडे एका क्लबात केलेलं जुनं, गाजलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग होतं. पाच वादक, मागे ग्लासांचा खणखणाट, आणि मध्येच सॅक्सोफोनचा एक सूर चक्क फाटतो. "तसाच ठेवलाय बघ," मित्र म्हणायचा. "लाइव्ह म्हणजे लाइव्ह. कापाकापी केली की मेलं." मी गावच्या हळदींत सॅक्सोफोन वाजवणारा, मला हे फार पटलं.

पुढे आम्हीही पाच जण जमवले. मित्र ट्रम्पेटवर. ऐरोलीच्या एका कॅफेत कार्यक्रम केला, तो रेकॉर्डही केला. आई असल्या ठिकाणी पहिल्यांदाच आलेली, थेट पुढच्या खुर्चीत. माझी एकट्याने वाजवायची पाळी आली, लोक ओरडायला लागले आणि मी थांबेचना. हळदीत बायका नाचत असताना वाजवणारा थांबला तर घरच्यांना अपमान वाटतो. माझी सवय तीच. मित्र ट्रम्पेट धरून ताटकळला. टाळ्या मात्र अशा पडल्या की मी हवेत होतो.

मित्राने रेकॉर्डिंग नेटवर टाकलं तेव्हा जुईनगरच्या घरी आधी एकट्याने ऐकलं. माझा सोलो आला. आटोपशीर, गुळगुळीत, आणि माझा नव्हताच. स्टुडिओत दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेतलेला. त्यावरच्या टाळ्या तेवढ्या माझ्या. डोकंच फिरलं. मित्राला फोन लावला.

"टेन्शन काय घेतोस? हळदीत वाजवल्यासारखं ताणलंस तू. तेवढाच पॅच मारलाय, बाकी लाइव्हच आहे."

ज्याने मला तो फाटका सूर प्रेमाने ऐकायला शिकवलं, तोच हे बोलत होता. इतक्या सहज. अनोळखी माणसाने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. याला काय घालणार? फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "लाव की तुजा वाजवलेला." नाही कसं म्हणणार? लावलं. परक्याचा सोलो संपला आणि टाळ्यांतून तिचाच आवाज आला, "वाजवलास रं माज्या बाला!"

आई खुलली. "मीच ना रं त्यी?"

"तूच."

"आन् त्या आदी वाजवतंय त्यो तू."

"हो," मी म्हणालो. तिने परत लावायला सांगितलं.