सोपानला न सांगितलेला नियम

सोपानला मी फसवलं. त्याला ते अजून माहीत नाही, आणि मीही आजवर कुणापाशी बोललेलो नाही – बायकोपाशीसुद्धा.

मी स्कूबा शिकवतो. हो, समुद्र नसलेल्या संभाजीनगरात. क्रांती चौकाजवळच्या खोलीत हवेचे नियम, गंगापूरकडच्या एका खोल विहिरीत सराव, मग पोरं समुद्रावर जातात. सगळं मी एकट्यानं उभं केलं. म्हणून असेल – कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

सोपान विहिरीत पोहूनच वाढलेला. एकदा सगळ्यांसमोर त्यानं माझ्यापेक्षा जास्त वेळ दम धरला. पोरं हसली. ते मी मनात ठेवलं.

पुढच्या वर्गात मी नुकतंच म्हणालो होतो, वर येताना दाब कमी होतो, हवा फुगते. सोपान म्हणाला, "सर, हिरीतून आम्ही दम धरूनच वर येतो की. फुगलो नाय कधी."

पुन्हा हशा. मी त्याला वर्गाबाहेर काढलं. प्रश्न बरोबर होता – आणि उत्तर मी उरलेल्यांना दिलं. विहिरीत पोहणारा श्वास वरूनच घेऊन जातो. आपण तो खाली, सिलिंडरमधून, दाबाखाली घेतो. दहा मीटर खोलीवर भरलेली छाती वर येईतो दुप्पट जागा मागते. दम धरला तर फुप्फुस फाटतं. श्वास सोडत वर यायचं.

एवढंच त्याला सांगायचं होतं. पण घासाघीस माझ्या रक्तात – आधी त्यानं माफी मागावी, मग सांगू. विहिरीच्या काठावर त्याच्या पाठीवर सिलिंडर बांधतानाही मी वाट पाहिली. विसरलो होतो का? नाही. चांगलं आठवत होतं. त्यानं माफी मागितली नाही, आणि मी त्याला पाण्यात जाऊ दिलं.

तो दम धरून वर आला. तोंडाला रक्ताचा फेस.

वाचला. आता जिना चढला तरी धाप लागते. दवाखान्यात त्याच्या वडिलांसमोर मी म्हणालो, हे तर मी आधीच शिकवलं होतं, याचं लक्ष नव्हतं. सोपाननं जरा आठवून पाहिलं. म्हणाला, "असंल, सर."

परवा तो धाकट्या बहिणीला घेऊन वर्गात आला. दारातच तिला म्हणाला, "कविता, सरांचं नीट ऐक. म्या ऐकलं नव्हतं."

हा जाब त्यानं मला विचारायचा. तो स्वतःलाच विचारत बसलाय. मी कविताला पुढची खुर्ची दिली आणि फळ्याकडं वळलो.