मशेरीच्या वासाचा सिगार

आमचे साहेब सिगार ओढतात आणि त्याला शंभरपैकी मार्क देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चेष्टाच वाटली. पण खरं आहे. परदेशात कुठं कुठं लहान कारखाने असतात, तिथं हातानं सिगार वळतात, मोजकेच वळतात, संपले की पुन्हा तसले होत नाहीत. असले सिगार साहेब मागवतात. शनिवारी सात-आठ दोस्तांना घेऊन खालापूरकडच्या आपल्या बंगल्यावर येतात, व्हरांड्यात खुर्ची टाकतात, समोर मोबाईल उभा करतात आणि ओढता ओढता बोलतात. आधी न पेटवता वास घेतात. वरचं पान बोटानं चाचपतात, शीर जाड आहे का बघतात. पेटवल्यावर राख किती लांब टिकते ते दाखवतात. पहिला भाग कसा लागला, मधला कसा, शेवटचा कसा, हे वेगवेगळं सांगतात. कधी कोको म्हणतात, कधी चामडं, कधी काळी मिरी. मग मार्क. ते सगळं मोबाईलवर जातं आणि शौकीन लोक ते बघून घ्यायचं की नाही ठरवतात.

मी त्या बंगल्याचा राखणदार. पाया खणला तेव्हापासून आहे. चौथीपर्यंत शिकलो, पुढं शेत आणि ढोरं. माझी बायकोही तिथंच झाडलोट करायची, पाहुणे आले की चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजायची. साहेबांचे दोस्त तिच्या भाकरीसाठी वाटेत काही न खाता यायचे. गेल्या वर्षी शिमग्यात ती गेली. तोंडाचा कॅन्सर झाला होता.

ती गेल्यावर मी घरी झोपायला तेवढा जायचो. बाकी सगळा वेळ बंगल्यावर. झाडांना पाणी नको असलं तरी घालायचो. एका शनिवारी साहेबांनी नुकताच पेटवलेला एक सिगार माझ्या हातात दिला आणि म्हणाले, काका, तुम्ही जन्मभर बिडी ओढलीत, तुम्हाला हा कसा लागतो सांगा. मी एक झुरका घेतला आणि खरं ते सांगितलं, की ओल्या गोणपाटाला कुणी काडी लावल्यासारखा लागतो. सगळे हसले. साहेबांनी ते मोबाईलवर टाकलं. पुढच्या शनिवारी म्हणाले, लोक विचारताहेत, काका कुठं आहेत. मग ते दर आठवड्याचंच झालं. साहेब कोको, चामडं म्हणायचे आणि मग मोबाईल माझ्याकडं वळवायचे. एकाला मी म्हणालो, हा गोठ्यात डासांसाठी केलेल्या धुरासारखा आहे. एकाला म्हणालो, याला काही चवच नाही, नुसती ऐट आहे. त्याला साहेबांनी खरंच मार्क कमी दिले.

मला ते आवडायला लागलं, हे मी लपवत नाही. शनिवारची वाट बघायचो. दाढी करायचो. बायको जाऊन दीड वर्ष नाही झालं आणि म्हातारा आरशापुढं उभा राहून ठरवतोय की आज काय बोललं म्हणजे लोक हसतील. आता आठवलं की माझीच मला किळस येते. पण तेव्हा एवढंच कळत होतं, की आठ माणसं माझ्याकडं बघताहेत आणि विचारताहेत, काका, तुम्हाला काय वाटतं. घरी तसं विचारणारं कोण नव्हतं.

मग श्रावणात एक पेटी आली. देवदाराची, आत ओल राखायला कसला तरी ओलसर कागद. साहेब अगदी हळू आवाजात बोलत होते, एवढी ती भारी. ते म्हणाले, यातले जगात थोडेच आहेत आणि वळणारा म्हाताराही आता काम सोडून बसलाय. एक पेटवून त्यांनी नेहमीसारखा माझ्याकडं दिला. बाहेर पाऊस लागलेला होता, धूर व्हरांड्यातून हलत नव्हता. मी झुरका घेतला आणि हातच खाली आला.

मशेरीचा वास होता तो. अगदी तोच. तवा तापतो, त्यावर तंबाखू टाकतात, ती काळी पडायला लागते, त्या वेळचा. शहरातल्या माणसाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडच्या बायका तंबाखू भाजून चुरतात आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दाताहिरड्यांना लावत बसतात. माझ्या बायकोला लग्नाच्या आधीपासून सवय. मला ती कधी बघवली नाही. मी ओटीवर बसून बिडी ओढायचो आणि तिला म्हणायचो, जा गं, ते थोबाड घेऊन घराच्या मागं जा. पाहुणे आले की तिनं मागंच बसायचं. मुलीला बघायला आले त्या दिवशी तर मी तिची मशेरीची डबी ओहळात फेकून दिली. ती आणि मुलगी दोघी सगळ्या घरात डबी शोधत होत्या आणि मी सोयऱ्यांना बिडी देत बसलो होतो. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं तिला विचारलं, कसली सवय आहे का. तिला तोंड उघडवत नव्हतं. मीच पुढं होऊन म्हणालो, मशेरी, साहेब, किती सांगितलं तरी ऐकत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या खिशात बिडीचं बंडल होतं.

तर हातात तो सिगार आणि समोर मोबाईल. साहेब म्हणाले, बोला काका. त्या आठ जणांसमोर मी रडलो असतो. तसं होऊ नये म्हणून मी मोठ्यानं बोललो, ही तर मशेरी आहे. त्यांना मशेरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कसं लावतात, असं एकीनं विचारलं. आणि मी दाखवलं.

खुर्चीवरून उठून खाली उकिडवा बसलो. खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेऊन काखेत खोचला. डावा हात गुडघ्यावर. एक डोळा मिटून बोट तोंडात घातलं आणि कोपर हलवत चोळायला लागलो. हनुवटी वर, म्हणजे लाळ सांडू नये. तसंच तोंड बंद ठेवून कोंबड्यांना हाकललं, हुं हुं करून नवऱ्याला उत्तर दिलं, आणि शेवटी मान झटकून अंगणात पिंक टाकली. एक जण हसून हसून खुर्चीवरून घसरला. साहेब डोळे पुसत म्हणाले, काका, तुम्ही नाटकात पाहिजे होतात. मी म्हणालो, आमच्याकडं सगळ्या बायका अशाच. माझी बायको म्हणालो नाही. त्या सिगारला साहेबांनी आजवरचे सगळ्यात जास्त मार्क दिले.

चार-पाच दिवसांत तो व्हिडिओ कुठच्या कुठं गेला. नुसते सिगार ओढणारेच नाहीत, इकडचे साधे लोकही एकमेकांना पाठवत होते. आमचा जावई खालापूरला कंपनीत आहे. तिथं त्याला कुणी तरी दाखवला, तुझा सासरा बघ म्हणून. त्यानं घरी नेऊन मुलीला दाखवला.

मुलगी आमची एकच. कशेळ्याच्या पुढं दिलीय. तिचा फोन आला तेव्हा मी गवत काढत होतो.

"बाबा, ती आई हाय ना?"

मी म्हणालो, अगं, उगाच जरा गंमत.

"आई हाय ती. मी बघताक्षनी वळखली. जितेपनी तिला मागं बसवलंत, आता मेल्यावर पुढं आनलीत व्हय, हसायला?"

ती म्हणाली, नवमीला मी येनार नाय, पान वाढायला तुमच्या सायबाला बोलवा. आणि फोन ठेवला.

ही नवमी म्हणजे पितृपंधरवड्यातली, नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी घालतात. पहिल्या वर्षी आमच्यात घालत नाहीत, म्हणून यंदाचं तिचं पहिलंच पान होतं. लेकीशिवाय ते पान कसं व्हायचं. मला जेवणाचं काही नव्हतं, भावजय रांधून देते म्हणाली होती. पण आईचं पहिलं पान आणि लेक येत नाही, आणि ती का येत नाही हे सगळ्या गावाला माहीत. मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

शनिवारी साहेब आले तेव्हा त्यांना म्हणालो, तो व्हिडिओ काढून टाका. ते समजवायला लागले. काका, एवढ्या लोकांनी बघितलाय, तुमच्यामुळं तर बघतात, यात वाईट काय आहे, उलट लोकांना आपल्याकडची एक जुनी गोष्ट कळली. त्यांच्या मनात पाप नव्हतं. मी बोललो, "साहेब, ती माझी बायको होती."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "मावशी?"

मी मान हलवली. मावशींच्या हातचं त्यांनी किती वर्षं खाल्लं. पण ती मशेरी लावताना त्यांनी तिला कधी बघितलंच नव्हतं, मी बसू दिलं असतं तर ना. त्यांनी माझ्यासमोरच तो काढून टाकला. म्हणाले, दुसऱ्यांनी आपापल्या मोबाईलमध्ये घेतला असेल त्याला माझा इलाज नाही. मग आत जाऊन त्या पेटीतला एक सिगार घेऊन आले आणि मला म्हणाले, मावशींच्या पानावर ठेवा, माझ्याकडून, हा आता परत कुठं मिळायचा नाही.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. तंबाखूवर तिचा जीव होता, आणि गावात कुणाच्या पानावर नसेल अशी तंबाखू मी तिच्या पानावर ठेवणार. फिटलं सगळं. अशी माझी अक्कल.

नवमीला भावजयीनं भात, भोपळ्याची भाजी, भेंडी, खीर केली. मी पान मांडलं. आमच्यात माणसाला जे लागायचं ते पानावर ठेवतात, कुणाच्या बिडी, कुणाच्या तपकीर. मी खिरीच्या वाटीशेजारी तो सिगार ठेवला. त्याच्यावर सोनेरी पट्टी होती, ती वर दिसेल असा ठेवला. भावजय बघून म्हणाली, भावोजी, हे काय, फटाका की काय? मी म्हणालो, तुला नाय कळायचं.

तेवढ्यात जीप थांबली आणि मुलगी आली. हातात वड्यांचा डबा. माझ्याकडं बघितलं नाही, सरळ आत गेली, पाय धुतले आणि पानापुढं बसली.

"ह्ये कुनी ठेवलं?"

"भारी हाय ते. सायबांनी दिलाय."

"आईला काय भारी लागत व्हतं का?" तिनं तो सिगार दोन बोटांत धरून उचलला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "तुमी वढा. तुमाला आवडतंय."

मग कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. घरून भाजून आणली होती. चिमूटभर मशेरी पानाच्या कडेला ठेवली आणि पान घेऊन कौलावर ठेवायला गेली. कावळे आले, भातात चोची घातल्या, गेले.

जेवायला तिनंच मला वाढलं. वाढते म्हणजे बोलेल असं मला वाटलं, पण ती भात वाढून भाजी आणायला वळली. शेवटी मीच म्हणालो, तो व्हिडिओ साहेबांनी काढून टाकला, आता नाही तो.

"माज्याकडं हाय."

मला वाटलं मला लाजवायला ठेवलाय. म्हणालो, तूपन काढून टाक गं.

"नाय काढनार." ती ताटाकडं बघत बोलत होती. "आईचा एक फोटो हाय. आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात ती पोलिसात धरून नेल्यासारखी दिसती. हलती-चालती आई माज्याकडं कुठं हाय? तुमी हुबेहूब केलीत. ती मान झटकते ना, ती. दुसऱ्या कुनाला जमलीच नसती."

मी ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "आवाज बंद करून बघते. मंग हसनं ऐकू येत नाय."

तिनं मोबाईल काढला आणि आवाज बंद करून माझ्यापुढं धरला. मी आजवर तो बघितला नव्हता. व्हरांड्यात एक म्हातारा खाली बसला, डोक्यावर टॉवेल ओढला, आणि म्हातारा गेला. ती बसली होती. एक डोळा मिटून, कोपर हलवत. माझ्याकडं न बघता उत्तर देत होती, तसंच, मी मागं जा म्हणायचो तेव्हा द्यायची तसं. चाळीस वर्षं मी तिला ओरडत होतो आणि चाळीस वर्षं मी तिला बघत होतो, हे मला आत्ता कळलं. मान झटकली आणि ते संपलं.

मुलगी म्हणाली, आता परत कुनापुढं करू नका. मी म्हणालो नाही करणार. तिची परतीची जीप यायची होती म्हणून ती डबा घासायला उठली, मोबाईल कमरेला खोचला.

मला पुन्हा एकदा बघायचं होतं. पण मागायची लाज वाटली. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो, जीप आली, ती बसली, आणि मी नुसता हात हलवला.