चिमणामावशीचं लुगडं

आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर म्हस समोर उभी, धार थेट गिलासात आन् फेसासकट दूध पोटात. ह्यात सुधारायचं काय, सांगा की! पण कट्टा संघटनेचा अध्यक्ष उदयसिंह पुण्याला कसलं तरी शिबिर करून आला आणि त्याच्या डोक्यात दोन शब्द घुसले, नावीन्य आणि कार्यक्षमता. झाला की सगळ्यांच्या डोक्याला ताप!

चिमणामावशी कट्ट्यावरची जुनी म्हसवाली. नवरा गेल्यावर तिनं एकट्या सुंद्रीच्या दुधावर संसार ओढला. सुंद्री पान्हा सोडणार तर मावशीलाच. दुसरं कोण बसलं की लाथ. "लेकी सासरी जाऊन इसरल्या, पर ही मला इसरत न्हाय," असं मावशी येईल त्याला सांगायची.

उदयसिंहानं नियम काढला. कुणीबी कुणाच्याबी म्हशीची धार काढायची, म्हंजे गिऱ्हाईक खोळंबायला नको. सगळ्यांना निळे टी-शर्ट. मावशीला खुर्ची देऊन 'नवकल्पना प्रमुख' केलं. तिनं नुसतं बसायचं आणि नवीन काहीतरी सुचवायचं.

पहिल्याच सकाळी सुंद्रीनं अध्यक्षाला बादलीसकट गटारीत घातलं. गिऱ्हाइकं रिकामे गिलास घेऊन बोंबलायला लागली.

"सुचवा की, प्रमुख!" उदयसिंह गटारीतनंच ओरडला.

गावाकडं बाई आजारी पडली की घरातला गडी तिचं लुगडं गुंडाळून धारंला बसतो. वासानं म्हशीला मालकीणच वाटती. मावशीनं तेच सुचवलं, वर घरनं आपलं हिरवं लुगडं आणून दिलं.

झुपकेदार मिशांचा अध्यक्ष टी-शर्टावर लुगडं नेसून म्हशीखाली बसला आणि सुंद्रीनं पान्हा सोडला! मग काय, सगळेच गडी एकमेकांच्या बायकांची लुगडी मागत फिरायला लागले. घराघरांत भांडणं लागली. बाहेरचं पावणं दूध सोडून फोटोच काढायचं. उदयसिंह पदर खोचून सांगायचा, "ह्येला म्हणत्यात नावीन्य!"

पावसाळाभर सुंद्रीखाली उदयसिंहच बसला आणि मावशी खुर्चीत बसून राहिली. शेवटी एका सकाळी उठली.

"बास झालं. माझी म्हस, मी पिळणार."

ती बसली तशी सुंद्रीनं लाथ झाडली. मी गिलास घेऊन समोरच उभा. मला हसू आलं, पण मावशीचं तोंड बघून गिळलं. तिनं उदयसिंहाच्या अंगावरचं लुगडं भर कट्ट्यावर ओढून घेतलं, स्वतःभोवती गुंडाळलं आणि परत बसली. "सुंद्रे, मी हाय गं," म्हणत सडाला हात लावला.

थेंब आला न्हाय. सुंद्री मान वळवून उदयसिंहाकडं बघत रेकत होती.

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "आता मिशा कुठनं आणू रं?"