धुवायची राहिलेली फिल्म

स्टुडिओत त्याला सगळे वटवाघूळ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर नाव चपखल होतं. सकाळी डार्करूममध्ये शिरलेला माणूस दुपारी जेवायला बाहेर यायचा, तेव्हा डोळे मिचकावत, उजेडाला शिव्या घालत यायचा. कोणी हाक मारली तर आतूनच ‘हां, बोला’ म्हणणार, दार काही उघडणार नाही. एकदा मालकांचे सासरे न विचारता दार ढकलून आत डोकावले आणि एका लग्नाच्या सगळ्या फिल्मी तेवढ्या उजेडात गेल्या. तेव्हा या गरीब माणसाने त्यांना जे काही सुनावलं, त्याच्या नकला स्टुडिओत पुढे कितीतरी दिवस चालू होत्या.

तिथला कॅमेरा म्हणजेही एक प्रकरणच होतं. लाकडी, भात्याचा, जागचा हलवायचा तर दोन माणसं लागायची. त्यात रीळ नसायचं. वहीच्या पानाएवढी एकेक सुटी फिल्म, ती अंधारात चपट्या होल्डरमध्ये भरायची, फोटो काढायचा आणि पुन्हा अंधारातच बाहेर काढून धुवायची. फोटो काढणार मालक. भरणं आणि धुणं वटवाघळाचं. कागदावर फोटो छापताना निदान लाल दिवा चालतो, या फिल्मला तोही खपत नाही. मिट्ट काळोखच लागतो. त्या काळोखात तीन पांढरे ट्रे ओळीने मांडलेले असायचे: डावीकडे डेव्हलपर, मध्ये आंबट पाणी, उजवीकडे हायपो. डेव्हलपर चित्र वर आणतो. हायपो चित्र सोडून बाकीचं सगळं खाऊन टाकतो, म्हणजे फिल्म उजेडात आणता येते. पण क्रम चुकून फिल्म आधी हायपोत गेली, तर चित्र कुठलं आणि कचरा कुठला एवढी अक्कल हायपोला नसते. तो सगळंच खातो.

वटवाघळाचा क्रम कधी चुकला नाही. डेव्हलपर बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो, हायपो तसा लागत नाही, त्यामुळे बोट बुडवलं की कळायचं. पुढे या औषधांनी त्याच्या बोटांची सालं निघायला लागली आणि डॉक्टरांनी रबरी हातमोजे घालायला लावले. मग तो नाकावर काम करू लागला. ट्रेवर वाकायचा, एक श्वास घ्यायचा, की झालं.

त्याला एकुलती एक मुलगी. घरात तिला रेडिओ म्हणायचे, कारण सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोप लागेपर्यंत. बाप घुम्या, आई मोजकं बोलणारी, हिने हे कोणाचं उचललं कोण जाणे. आणि फोटोवाल्याच्या घरात या पोरीचा धड एक फोटो नव्हता. शाळेच्या घोळक्यातला एक होता, त्यात तिचं तोंड शेंगदाण्याएवढं. ‘जगाच्या पोरी धुऊन देता,’ बायको टोमणा मारायची, ‘आपली तेवढी राहू द्या.’

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, मालकांना विचारून, तो मुलीला स्टुडिओत घेऊन गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कॅमेऱ्यामागे स्वतः उभा राहिला. मालकांनी एकच फिल्म दिली होती. भिंग म्हातारं, दिवे मंद, त्यामुळे भिंगावरचं टोपण काढून पुन्हा लावेपर्यंत तिला अजिबात हलून चालणार नव्हतं. ‘श्वाससुद्धा घेऊ नकोस,’ तो म्हणाला. आणि रेडिओ चक्क गप्प बसली. टोपण लावल्यावर म्हणाली, ‘बाबा, एवढी गप्प तर मी परीक्षेतसुद्धा नसते.’

फिल्म धुवायची राहिली, कारण कामाचा हंगाम होता आणि गिऱ्हाइकाचं काम आधी. ‘पुढच्या आठवड्यात नक्की,’ तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात पोर तापाने फणफणली, आणि आठवडा संपायच्या आत गेली.

त्यानंतर वटवाघळाला काही वाटेनासंच झालं. लोक म्हणायचे, रडून घे, मोकळा हो. त्याची ना नव्हती, पण रडू यायला तर हवं. जेवणाला चव नव्हती. बायको एकदा मीठ घालायला विसरली, एकदा तिने दोनदा घातलं, दोन्ही वेळा त्याने नेहमीएवढंच खाल्लं. एकदा हा शेगडीशेजारी बसलेला असताना दूध करपून भांडं काळं झालं, तरी याला वास नाही. बायको धावत आली, भांडं उतरवलं, त्याच्याकडे बघितलं आणि निघून गेली. मेव्हणीने तर तोंडावरच विचारलं, ‘भाऊजी, तुम्हाला काळीज आहे की नाही?’ त्याने जरा विचार केला आणि ‘माहीत नाही’ म्हणाला. मेव्हणी भडकली. तिला वाटलं, हा उडवून लावतोय. पण त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

बायकोचा एकच धोशा होता, ती फिल्म धुवा. ‘मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय हो,’ ती एकदा म्हणाली. ‘आवाज येतो कानात. तोंड दिसत नाही.’

‘करतो,’ तो म्हणाला.

होल्डर स्टुडिओच्या कपाटात पडून होता. काढून ठेवलेली फिल्म फार दिवस धुतली नाही तर आतलं चित्र फिकं पडत जातं, हे त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? तरी त्याची चालढकल चालूच. एकदा धुतली की मग लेकीचं नवीन असं काही यायचं उरणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. धड विचारही नव्हता तो. हात त्या कपाटाकडे जायचा नाही, एवढं मात्र खरं.

शेवटी बायकोने परस्पर मालकांकडून स्टुडिओची किल्ली आणली. ‘आज बंद आहे स्टुडिओ. उठा. मीही येतेय.’

तो उठला. कोणी ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा, असेच दिवस होते ते. स्टुडिओत जाऊन त्याने औषधं कालवली, तिन्ही ट्रे भरून ओळीने मांडले. मग बाहेरच्या कपाटातून होल्डर काढला आणि तो मांडीवर घेऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिला. किती वेळ बसला कोणास ठाऊक. बायको आत डार्करूममध्येच होती. नवऱ्याचं सगळं आयुष्य ज्या खोलीत गेलं, ती खोली ती पहिल्यांदाच बघत होती.

‘येताय ना?’ तिने आतून विचारलं. तो आत गेला, दार लावलं.

‘निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं,’ त्याने सांगितलं. ‘तोंड काळं दिसेल. केस पांढरे. घाबरू नकोस.’

‘दिसू देत पांढरे,’ ती म्हणाली. ‘म्हातारी झालेली तरी बघेन.’

त्याने हातमोजे चढवले, दिवा घालवला. चाचपून होल्डर उघडला, फिल्म काढली. सवयीने डाव्या ट्रेवर वाकून श्वास घेतला. वास आला नाही. वास यायचा बंद झाल्यापासून त्याने कितीतरी फिल्मी धुतल्या होत्या आणि एकही बिघडली नव्हती, कारण ट्रे मांडणारा तोच आणि धुणाराही तोच. त्याने फिल्म आत सोडली आणि ट्रेचा कोपरा हळूहळू उचलू-टेकवू लागला.

‘येतेय का ती?’ बायकोने काळोखातून विचारलं.

‘येतेय.’

अंधारात बायको मोकळी झाली. महिनोन् महिने जी हूं की चूं करत नव्हती, ती बोलायला लागली. फोटो कुठल्या भिंतीला लावायचा, चौकट कशी हवी, बहिणीला एक प्रत द्यायला हवी. ‘आणि काय हो, किती घाण करून ठेवलीय ही खोली,’ ती म्हणाली. ‘टेबल नुसतं चिकट. तुम्ही बाहेर बसला होतात ना, तेवढ्यात ट्रे खाली उतरवले आणि सगळं घासून पुसून काढलं. एक थेंब सांडू दिला नाही.’

त्याचे हात थांबले. ‘परत कसे ठेवलेस?’

‘कसे म्हणजे? ओळीने. तिन्हींत पाणीच तर आहे.’

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि समोरच्या ट्रेत बोट बुडवलं. बुळबुळीत लागलं नाही. मग हात लांब करून पार उजवीकडच्या ट्रेत बोट घातलं. साबणाचं पाणी.

फिल्म हायपोत केव्हाच संपली होती. आता कुठल्याही औषधाने ती परत येणार नव्हती. त्याने टेबल घट्ट धरलं. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी होत होतं, आणि ती भीती होती. हिला कळलं तर हिचं काय होईल, ही भीती.

‘थांबलात का?’

‘काही नाही. मोजा ओला झाला.’

त्याने मोजा परत चढवला. ती कान देऊन ऐकत होती, म्हणून त्याने सगळं रीतसर केलं. पहिला ट्रे, दुसरा ट्रे, तिसरा ट्रे, प्रत्येकाला नेहमीएवढा वेळ. मध्ये तिने आणखी एकदा विचारलं, आणि त्याने आणखी एकदा ‘येतेय’ म्हणून सांगितलं. मग दिवा लावला.

त्याच्या हातात काचेसारखी स्वच्छ फिल्म होती. बायकोने ती घेतली, दिव्यासमोर धरली, उलटी करून धरली.

‘कुठाय?’

‘नाही आली. फार दिवस पडून राहिली. चित्र उडून गेलं.’

‘म्हणजे तेव्हाच धुतली असती तर?’

‘तर आली असती.’

‘मी सांगत होते,’ ती म्हणाली. ‘रोज सांगत होते तुम्हाला. पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. तुम्ही घालवलंत तिला. दुसऱ्यांदा घालवलंत.’

‘हो,’ तो म्हणाला.

ती खाली बसून रडायला लागली. त्याने तिन्ही ट्रे मोरीत उपडे केले आणि नळ कितीतरी वेळ तसाच चालू ठेवला.

आता दोघंही म्हातारी झालीत. स्टुडिओ कधीच बंद पडला. बायको त्याचं सगळं करते, चहा वेळेवर, कपडे धुतलेले, पण त्या दिवसाची माफी तिने त्याला दिलेली नाही आणि त्याने मागितलेलीही नाही. घरी कोणी नवीन माणूस आलं आणि लेकीचा विषय निघाला, की ती सगळी हकिकत पहिल्यापासून सांगते. यांनी कशी टाळाटाळ केली, चित्र कसं उडून गेलं, सगळं. तो बाजूला बसून ऐकतो, मान हलवतो. पाहुण्यालाच अवघडल्यासारखं होतं.

‘मी काय करणार, मला त्यातलं काही कळत नव्हतं,’ ती शेवटी म्हणते. ‘तरी आपलं ट्रे उचलून टेबल पुसून दिलं. म्हटलं, माझ्या लेकीच्या फोटोला कचरा नको लागायला.’ आणि मग नवऱ्याकडे वळते. ‘दिलं होतं ना पुसून?’

‘हो,’ तो म्हणतो. ‘लख्ख पुसलं होतंस.’